काळी चार

"त्या कॅसेटवालीलेच न्या म्हणा इंग्लंडले. मी इथीच बरी आहो."

वैनी हे पुटपुटली ती माझ्या अगदी कानाशी. मी तिच्या खांद्यावर पदराची पिन लावत होते आणि दुसरी पिन दातांत धरलेली असल्यामुळे मला काही बोलता येत नव्हतं. राजुऱ्याच्या शाळेतला वर्ग होता तो. बाकांवर आमच्या पिशव्या, फळ्यावर कुणाचं तरी अर्ध्यावर सोडलेलं गणित. बाहेर मांडवात लाउडस्पीकरवर वैनीचीच कॅसेट चालू होती. कार्यक्रमाआधी ती लावायची असा आता रिवाजच पडला होता. म्हणजे आधी कॅसेटमधली सत्यशीलाबाई गाणार, आणि मग खऱ्या सत्यशीलाबाईनं उठून तिच्याशी बरोबरी करायची.

"कॅसेटवाली तूच तं आहेस, वैनी," तोंड मोकळं झाल्यावर मी म्हटलं.

"मी नाई ते. ते कोनी तरनी पोरगी आहे. तुह्या भावाची दुसरी."

भाऊ, म्हणजे बापूराव, खिडकीशी बसून पेटीचा भाता तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "दुसरी असती तं चहा तरी टायमावर भेटला असता."

वैनी हसली. हसता हसता तिला खोकला आला, आणि खोकला आल्यावर वर्गातले आम्ही सगळे एकदम आपापल्या कामात गढून गेलो. मी पुन्हा पिन शोधू लागले. ती माझ्या हातातच होती.

सत्यशीला माझी वहिनी, भावाची बायको. भीमगीतं स्वतः रचते, स्वतःच चाली बांधते, स्वतः गाते. शाळा चौथीपर्यंत. निम्मी गाणी तिनं धानाच्या रोवणीच्या वेळी चिखलात उभं राहून रचली आणि संध्याकाळी बांधावर बसून मला पाठ करायला लावली. लिहून ठेवायची सवय तिला नव्हती, आणि माझं डोकं फुकट होतं. भाऊ पेटीवर, खुशाल ढोलकीवर आणि मी झीलकरीण. गाणारीनं ओळ सोडली की तिचं शेपूट पकडून वर न्यायचं, तेवढ्यात तिनं दम घ्यायचा, हे झीलकऱ्याचं काम. झीलकऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. नसला तर मात्र लगेच कळतं.

शहाऐंशी साली वर्ध्याच्या एका कंपनीनं तिच्या वीस वर्षांच्या गाण्यांतली बारा निवडून कॅसेट काढली. कॅसेट तासाभराची आणि गाणी तासाच्या थोडी बाहेर जात होती. कंपनीवाला हुशार निघाला. एकही गाणं त्यानं गाळलं नाही. फीतच जरा जोरात पळवली. गाणी मावली. पण फीत पळाली की आवाजही वर चढतो. वैनीचा सा पेटीच्या काळ्या पट्ट्यांतल्या तिसरीवर, म्हणजे काळी तीन. कॅसेटमधून तो निघाला काळी चारवर. एकाच पट्टीचा फरक. वैनीचा आवाज मूळचा जाड, ओल्या बांधासारखा. कॅसेटमध्ये तो पातळ झाला, चकाकू लागला, वीस वर्षांनी लहान झाला.

लोक त्या आवाजावर पागल झाले. पानठेल्यांवर तोच, बारशाला तोच, कोळसा खाणीच्या कॉलनीत पहिली पाळी सुटली की तोच. कुणीतरी कॅसेट इंग्लंडला नेली. तिथं कारखान्यांत कामाला गेलेल्या आपल्या लोकांची समिती आहे. त्यांनी बोलावणं धाडलं. इंग्लंडात सात कार्यक्रम आणि शेवटी जर्मनीत एक. पत्रिकेवर वैनीच्या नावापुढं 'आंतरराष्ट्रीय गायिका' असं छापलं होतं. ती अजून वर्ध्याच्या पलीकडं कधी रेल्वेनं गेली नव्हती.

आणि हसायची गोष्ट अशी की आम्हीही कॅसेटलाच खरं मानलं. पहिल्यांदा ती ऐकताना भाऊनं पेटीवर बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाला, "चार निघून राह्यली." वैनीनं कॅसेटवरच्या आपल्या फोटोकडं पाहिलं. मग म्हणाली, "असंल बाप्पा. त्या दिवशी मी चारवर गायली असंन." कंपनीनं छापून, वर फोटो लावून काढलेली वस्तू चुकीची कशी असेल? चुकलो असू तर आपणच. फीत पळवल्याचं आम्हाला कळलं ते पाच-सहा महिन्यांनी, कंपनीच्याच एका माणसाच्या तोंडून. तोवर लोकांच्या कानाला चारची सवय झालेली. भाऊनं पेटी चारवर धरली होती, ती धरलीच.

सत्त्याऐंशीच्या एप्रिल-मेमध्ये आम्ही राजुरा, पोंभुर्णा, गडचिरोलीकडचं एक जंगलातलं गाव आणि शेवटी ब्रह्मपुरी, असे जयंतीचे कार्यक्रम घेतले होते. जाण्याआधी गळा चालता राहावा म्हणून. ब्रह्मपुरीला इंग्लंडच्या समितीचा माणूस ऐकायला येणार होता. श्रावण त्याचं नाव. तो मूळ ब्रह्मपुरीचाच, सुट्टीत आईकडं आलेला.

राजुऱ्याला मांडव भरलेला होता. वैनीनं तिसरं गाणं धरलं, लोकांचं लाडकं.

चूल म्हणते थांब गं पोरी, पाटी म्हणते चाल
बाबानं दावली वाट तुले, पाऊल पुढंच घाल

यातला 'चाल' वर जातो आणि तिथं बराच वेळ उभा राहतो. पूर्वी वैनी त्या स्वरावर अशी उभी राहायची जशी बाई घराच्या उंबऱ्यात उभी राहते, कंबरेवर हात ठेवून. राजुऱ्याला ती तिथं पोचली आणि आवाजाला चिरा गेल्या. मी झटकन शेपूट धरलं. खुशालनं ढोलकीवर जोर दिला. भाऊनं भाता दाबला. कुणी कुणाला खूण केली नव्हती. तिघांनीही एकाच वेळी केलं, याचाच अर्थ तिघंही आधीपासून वाट पाहत होतो.

उतरल्यावर वैनीनं पान तोंडात घातलं.

आता हे पान. वैनीनं जन्मात पान खाल्लं नव्हतं. आमच्याकडच्या पुष्कळ बायांसारखी ती सकाळी गुडाखू घासायची, तंबाखूची ती काळी मिश्री, आणि घासता घासता अर्धी सकाळ घालवायची, तेवढंच व्यसन. फाल्गुनात अचानक तिनं पानाची डबी घेतली. विचारलं तर म्हणाली, "इंग्लंडवाले म्हणतीन, गायिका आहे अन् पान नाई खात?" आम्ही हसलो. पान खाल्लं की थुंकी लाल होते. पान खाणाऱ्या बाईच्या लाल थुंकीकडं कुणी पाहत नाही.

हे मला एकदम समजलं असं नाही.  आधी मी स्वतःला सांगितलं की ही विमानाची भीती आहे. विमानाची भीती सगळ्यांना सांगता येत होती, म्हणून सगळे तीच सांगत होते.

पोंभुर्ण्याच्या वाटेवर जीपमध्ये तेच बोलणं. दोन्ही बाजूंना तेंदूच्या, म्हणजे बिडीच्या पानांचा हंगाम चालू, बाया डोक्यावर गाठोडी घेऊन रस्त्याच्या कडेनं चाललेल्या.

"विमान मधातच बंद पडलं तं?" खुशालनं विचारलं.

"तुले ढकलाले उतरवतीन," भाऊ म्हणाला.

"मास्तर, मजाक नोका करू. मी आइकलं, खिडकी उघडतच नाई म्हणते त्याची. मंग मानसानं थुंकाचं कुठी?"

सगळे हसले. वैनीही हसली. मग 'थुंकाचं' हा शब्द जीपमध्ये तसाच बसून राहिला, पाचव्या माणसासारखा जागा अडवून, आणि हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. खुशाल बाहेर झाडांकडं पाहू लागला. वैनी म्हणाली, "गरम होऊन राह्यलं." त्या दिवसांत ते म्हणण्याची काहीच गरज नव्हती.

"बरं मास्तर," थोड्या वेळानं बिचारा खुशाल विषय बदलायला म्हणाला, "आपल्याले नागपूरले कधी—" आणि जीभ चावली. "म्हंजे बम्बईले. बम्बईले कधी पोचाचं आहे?"

इथं बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडं त्या रोगाचं नाव कुणी घेत नाही. 'त्याले नागपूरले नेलं' एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा पुढं काही विचारत नाही. नागपूरला त्याचा दवाखाना आहे. लग्नाच्या कपड्यांसाठी नागपूरला जायचं असलं तरी माणसं 'खरेदीले जाऊन राह्यलो' असं म्हणतात, गावाचं नाव टाळतात. वैनीची मोठी बहीण मनकर्णा. तिलाही गुडाखूची सवय. तिला नागपूरला नेलं तेव्हा ती बोलत होती. परत आणलं तेव्हा बोलत नव्हती. मग पुढच्या पावसाळ्यात पाणीही गळ्याखाली उतरेना.

आमचं विमान नागपूरहून होतं. नागपूर ते बम्बई, तिथून पुढं. आणि दोन महिने आमच्या घरात विमानाच्या एवढ्या गोष्टी झाल्या, पण ते उडतं कुठून हे कुणी बोललं नव्हतं. जसं काही ते आमच्या अंगणातूनच उडून थेट बम्बईला उतरणार होतं.

पोंभुर्ण्याला आम्ही एका गुरुजींच्या घरी उतरलो. सकाळी वैनी परसात चूळ भरायला गेली. मी पाण्याची बादली घेऊन मागून गेले. ती तांब्या बाजूला ठेवून वाकली होती. मातीवर जे पडलं त्यावर तिनं पायानं माती ओढली, मांजर ओढतं तशी. मग मागं वळून मला पाहिलं.

"पान," ती म्हणाली.

"सकाळी सकाळी?" मी म्हटलं.

"राती खाल्लं होतं."

"हो," मी म्हटलं. बादली तिथंच ठेवून घरात आले आणि गुरुजींच्या बायकोबरोबर भाकरी थापू लागले. माझी पहिली भाकर तव्यावर टाकताना फाटली. तिसरीही फाटली. त्या बाईनं हळूच परात स्वतःकडं ओढून घेतली.

मी भावाशी बोलले. म्हणजे बोलायला गेले.

"भाऊ, वैनीचा गळा..."

"चारचा ताण आहे," तो लगेच म्हणाला. इतका लगेच, की त्यानं हे उत्तर किती दिवसांपासून तयार ठेवलं होतं ते दिसलंच. "पन्नाशीच्या बाईले चार झेपते का? तीनवर आली का गळा बसते जागेवर. तू नोको भेऊ."

किती बरं वाटलं मला. दोष त्या कंपनीवाल्याचा. दोष फितीचा. एका काळ्या पट्टीचा. ते काय, बोट सरकवलं की संपलं. दिवसभर मी त्याच सुखात होते आणि वैनीला म्हटलंही, "तीनवर गा ना आता. चारची काय गरज आहे?"

"अन् लोकं?" ती म्हणाली. "काल ते पोट्टं येऊन काय म्हणे, 'बाई, कॅसेटमधी तुमचा आवाज जास्त चांगला वाटते.' इंग्लंडवाल्यानं कॅसेट आइकून बलावलं, गुलाब. मले नाई बलावलं."

पुढचं गाव गडचिरोलीच्या पलीकडं, जंगलात. जीप अर्ध्या वाटेवर सोडून बैलबंडीनं गेलो. वीज नव्हती. आपल्या समाजाची पाच-सात घरं आणि बाकी गोंड वस्ती. कार्यक्रम दुपारीच ठेवला होता, मोहाच्या झाडाखाली, माइकशिवाय. ज्यांच्या अंगणात आम्ही उतरलो ती सुकरी, गोंड बाई. तिनं वैनीला विचारलं, "तुमी काय करता?" वैनी म्हणाली, "गाणं म्हणतो." सुकरी म्हणाली, "आमी पन म्हणतो," आणि सुपानं धान पाखडू लागली. कॅसेट तिनं ऐकलेली नव्हती. त्या गावात कुणीच ऐकलेली नव्हती.

भाऊनं पेटी उघडली. वैनीकडं न पाहता बोट तीनवर ठेवलं. वैनीला कळलं. 

काय गायली ती त्या दिवशी. जुना आवाज, जाड, सावकाश चालणारा. 'चाल' आला तेव्हा ती तिथं उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून, आणि मला शेपूट धरायची गरजच पडली नाही. मी नुसती ऐकत राहिले. खुशालचे डोळे भरले होते, तो घाम पुसायच्या निमित्तानं पुसत होता. सुकरी सूप सोडून येऊन बसली. संपल्यावर ती आपल्या भाषेत शेजारणीला काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. वैनीनं विचारलं काय म्हणाली. कुणीतरी सांगितलं, "म्हणते, बाईच्या पोटात ढोल आहे."

भाऊ माझ्याकडं पाहून मान हलवत होता. पाहिलं? सांगितलं नव्हतं तुला?

मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेले. ती झाडामागं होती, एका हातानं खोड धरून. या वेळी माती ओढायला तिला वेळ मिळाला नाही. मोहाच्या वाळक्या फुलांवर पडलेलं होतं ते मी पाहिलं. आणि पानाची डबी तर जीपमध्ये राहिली होती. त्या गावात पानाचं नाव नव्हतं. सकाळपासून तिनं पान खाल्लंच नव्हतं.

तीनवर गाऊनही.

तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाटलं आता ती म्हणेल. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.  ती म्हणाली, "मोहाची फुलं चाखली होती. कसे लाल निघाले दात."

मोहाच्या फुलांनी काही लाल होत नाही. आम्ही दोघीही मोहाच्या देशातल्या.

"हो," मी म्हटलं.

परत येताना बैलबंडीत भाऊ खुश होता. ब्रह्मपुरीला तीनवरच धरतो म्हणाला. खुशालला म्हणाला, "इंग्लंडवाल्यांचे कान आपन सुधारून टाकू." मी मागं बसले होते, चाकांकडं पाहत. मला भावाचा राग आला. मग दिसलं की कासरा बंडीवाल्याच्या हातात असूनही भाऊ आपल्या हातात चाबकाची दोरी धरून बसला होता आणि ती बोटांना इतकी गुंडाळली होती की बोटं पांढरी पडली होती. त्यानंही झाडामागं पाहिलं होतं.  काय बोलणार? दोघांना माहीत असलेली गोष्ट तोंडातून निघाली की तिला घर मिळतं.

ब्रह्मपुरीचा कार्यक्रम दिवस मावळायच्या आधीच सुरू झाला. श्रावण पहिल्या रांगेत, मांडीवर छोटा टेपरेकॉर्डर घेऊन. चाळिशीचा माणूस, बर्मिंगहॅमच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला. वैनीसाठी त्यानं एक जाड गरम कोट आणला होता. तो घालून पाहताना वैनी म्हणाली होती, "यात तं मी अन् ते कॅसेटवाली दोघी मावू, गुलाब." कोट तिच्या अंगावर लोंबत होता. गेल्या दिवाळीत तिच्या चोळ्या दंडाला घट्ट व्हायच्या.

भाऊनं तीन धरली. वैनीनं मान वळवली.

"चार," ती माइकपासून तोंड लांब नेऊन म्हणाली.

भाऊनं बोट तीनवरच ठेवलं.

मग तिनं माइकजवळ तोंड आणलं आणि हसत लोकांना सांगितलं, "आमच्या मास्तरची पेटी म्हातारी झाली. वर चढाले मांगत नाई." लोक हसले, श्रावणही. "चार धरा, मास्तर. लोकं लांबून आले."

भाऊनं बोट सरकवलं. त्याच्या जागी मी असते तर मीही सरकवलं असतं. एवढ्या लोकांसमोर तिला खाली बसवायची हिंमत आमच्यापैकी कुणात नव्हती.

ती दोन गाणी रेटून गायली. तिसरं सुरू झालं. 'पाटी म्हणते' पर्यंत ती आली, तोंड उघडलं, मान वर केली, आणि आवाज निघाला नाही. चिरा नाहीत, खरखर नाही, काहीच नाही. नुसतं उघडं तोंड. मी 'चाल' उचलला. जेवढा जोर होता तेवढा लावला, चारवर, तिच्या जागी. ती तशीच तोंड उघडं ठेवून, हात वर करून उभी राहिली, आणि माझा आवाज जणू तिच्या तोंडातून येत होता. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.  वीस वर्षांत माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि मला त्या कुठंतरी लपवून ठेवाव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रावणच्या घरी जेवण. त्याची आई बायनाबाई, वाकलेली पण चपळ, सगळ्यांना आग्रह करणारी. ब्रह्मपुरीचा भात, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. पंगतीत भाऊ, वैनी, खुशाल, मी. श्रावण टेपरेकॉर्डर घेऊन समोर बसला.

"काल ते वरचं 'चाल' काय लावलं बाई," तो म्हणाला. "एकदम कॅसेटसारखं. आइका." त्यानं बटण दाबलं.

खोलीत माझा आवाज आला.

माझी भातात घातलेली बोटं तशीच राहिली. खुशालनं पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिला. पेला रिकामा झाला तरी पीत राहिला. फक्त श्रावण कौतुकानं मान डोलवत होता.

"तिथं लोकं रडतीन हे आइकून," तो म्हणाला. "आठही जागी हेच पयलं गा. अन् टिकिटं आली का मी स्वतः तुमाले घ्याले येतो."

"खात काऊन नाई पोरी?" बायनाबाईनं वैनीला विचारलं. वैनीनं ताटात भाताचा डोंगर तसाच ठेवून नुसतं वरणाचं पाणी घोट घोट घेतलं होतं. तेही घेताना ती मान थोडी वाकडी करायची, गिळण्याची वाट शोधल्यासारखी.

"खातो ना, माय," वैनी म्हणाली, आणि बायनाबाईचं मन राखायला भाताचा एक घास केला.

घास अडला. ती खोकली, तोंडापुढं हात धरला, पण हात उशिरा आला. भात पांढरा होता. त्यावर जे पडलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वैनीनं पटकन त्यावर वरण ओढलं. पिवळ्या वरणात ते पसरलं.

 टेपवर कालचे लोक अजून टाळ्या वाजवत होते. श्रावणनं चाचपडत ते बंद केलं.

बायनाबाई वैनीजवळ खाली बसली. म्हाताऱ्या माणसांना सगळं दिसतं आणि सगळ्यांना वाट करून देणंही येतं. हलक्या आवाजात म्हणाली, "जेवणाआधी पान खाल्लं का वं?"

वैनीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या ओठांवर 'हो' आलाच होता. वीस वर्षांची सवय, तिनं सोडलेली ओळ उचलायची. मी तोंड उघडलं आणि मिटलं. या एका जागी मी शेपूट धरलं नाही. मला एवढंच जमलं.

भाऊनं ताट पुढं सरकवलं. हात न धुता, बोटांना भात चिकटलेला तसाच, तो म्हणाला, "श्रावणभाऊ, आमी नाई येत इंग्लंडले."

"अवो, काय बोलून राह्यले?" वैनी म्हणाली. हसायचा प्रयत्न केला. "विमानाले भेले का?"

"उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले जाऊ."

पंगतीत तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. खुशालनं डोळे मिटले.

"विमान तं तिथूनच आहे," वैनी म्हणाली. आवाज इतका बारीक, की मला ओठांवरून समजलं. "पन त्याले वेळ आहे ना अजून."

"विमानासाठी नाई," भाऊ म्हणाला. त्यानं भाताळलेल्या हातानं तिचं मनगट धरलं, आम्हा सगळ्यांदेखत, जे त्यानं लग्नानंतर कधी केलं नव्हतं. "तुह्या गळ्यातून रक्त येते, सत्यशीला. पट्टीचं काई नाई त्यात. मले वाटते, मनकर्णाबाईले झाला तोच झाला तुले. कॅन्सर."